मागे वळून पाहताना : संत ऑगस्टीन यांची आठवणींतून उलगडलेली जीवनकथा

दरवर्षी २७ ऑगस्ट रोजी संत मोनिका हिचा आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्ट रोजी, तिचे पुत्र संत ऑगस्टीन यांचा सण ख्रिस्तसभा साजरा करते. आईच्या अश्रूंमुळे मुलगा देवाकडे परतला, ही कथा आपण प्रवचनांतून, नोव्हेनांतून आणि मातांच्या मेळाव्यांतून असंख्य वेळा ऐकली आहे. मात्र ती आपल्यापर्यंत आली कोठून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तिचा मोठा भाग कुणा चरित्रकाराने शोधून काढलेला नाही. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या नगराच्या बिशपांनी, वयाच्या त्रेचाळिशीत, स्वतःच्याच आठवणी चाळून तो लिहिला. म्हणून या लेखात संत ऑगस्टीन यांचे जीवन आम्ही एका विशिष्ट बाजूने पाहणार आहोत : त्यांनी आपला भूतकाळ कसा आठवला आणि तो कसा सांगितला, या बाजूने.

चित्रपट पाहणाऱ्यांना फ्लॅशबॅक हा शब्द परिचयाचा आहे. चालू प्रसंग थांबतो, पडदा धूसर होतो आणि कथा वीस वर्षे मागे जाते. मराठीत यासाठी सिंहावलोकन हा अर्थपूर्ण शब्द आहे. सिंह चालता चालता थांबतो आणि आपण कापलेली वाट मान वळवून पाहतो. कथाकथनाची ही रीत चित्रपटाहून कितीतरी प्राचीन आहे. रोमन कवी व्हर्जिल याच्या 'इनिड' या महाकाव्यात नायक इनिअस कार्थेजच्या राणीसमोर, डायडोसमोर, बसून ट्रॉय नगरीचा विध्वंस मागाहून सांगतो. शाळकरी ऑगस्टीनने हे काव्य मन लावून अभ्यासले होते आणि डायडोच्या मृत्यूवर अश्रूही ढाळले होते. पुढे बिशप झाल्यावर ही गोष्ट आठवून त्यांना खंत वाटली. काव्यातील राणीसाठी रडणारा तो मुलगा स्वतःच्या आत्म्याच्या अवस्थेवर मात्र रडला नव्हता.

लेखणी उचलली तेव्हा

इ. स. ३९७ च्या सुमारास ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' हा ग्रंथ लिहावयास घेतला. तेव्हा त्यांना बिशप होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल लोकांत कुजबुज होती. सुमारे नऊ वर्षे ते मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथाचे अनुयायी होते. विवाहाविना एका स्त्रीसोबत राहिले होते. त्यांना मुलगाही झाला होता. आफ्रिकेतील ख्रिस्तसभेत त्या वेळी मोठी फूट पडलेली होती आणि विरोधी गटाचे लोक या भूतकाळाकडे बोट दाखवीत असत. दुसऱ्या बाजूने, नोला येथील पॉलिनस या भाविक सज्जनांनी ऑगस्टीन यांचे मित्र अलिपियस यांच्याकडे त्यांची जीवनकथा मागितली होती. आठवणी लिहिण्याच्या कल्पनेला त्यातून चालना मिळाली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

अशा वेळी मनुष्य काय करतो? बहुधा तो अडचणीच्या गोष्टी गाळतो आणि उरलेल्यांना उजाळा देतो. ऑगस्टीन यांनी निराळा मार्ग धरला. संपूर्ण ग्रंथ त्यांनी परमेश्वराला उद्देशून लिहिला. वाचक बाजूला बसून ऐकतो, एवढेच. ज्या श्रोत्याला सर्व काही आधीपासून ठाऊक आहे, त्याच्यापुढे सजवून सांगण्यात अर्थ नसतो आणि लपवून ठेवणे शक्यही नसते. ग्रंथाच्या लॅटिन नावात पापांची कबुली आणि देवाची स्तुती असे दोन्ही अर्थ आहेत. आठवण सांगत असताना ही दोन्ही कामे एकाच वेळी कशी घडतात, हे या जीवनकथेतून आपल्याला दिसते.

जे आठवत नाही तेही

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या गावी झाला. आज ते अल्जीरिया देशातील सूक आहरास या नावाने ओळखले जाते. वडील पॅट्रिशियस बेताच्या मिळकतीचे जमीनदार होते आणि ख्रिस्ती नव्हते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. आई मोनिका जन्मापासून ख्रिस्ती घरातील होती.

आपल्या शैशवाविषयी लिहिताना ऑगस्टीन एक प्रामाणिक अडचण मांडतात. दूध पिण्याचे, रडण्याचे, हसण्याचे ते दिवस त्यांना मुळीच आठवत नाहीत. जे माहीत आहे ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आणि इतर तान्ह्या बाळांकडे पाहून ताडलेले. आपण आठवतो म्हणून जे सांगतो, त्यातील किती आपले स्वतःचे आणि किती आजीकडून ऐकलेले, हा भेद आपल्यापैकी कितीजण करतात? त्यांनी तो केला.

नाशपातीचे झाड

वयाच्या सोळाव्या वर्षी पैशांअभावी ऑगस्टीनचे शिक्षण थांबले आणि मदौरा येथील शाळेतून तो घरी परतला. रिकामपणाच्या त्या वर्षात एका रात्री काही टवाळ सोबत्यांसह त्याने शेजारच्या नाशपातीच्या झाडावरची फळे चोरली. फळे दिसायला चांगली नव्हती आणि चवीलाही नव्हती. घरी याहून चांगली होती. मुलांनी ती जेमतेम चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली.

एवढीच घटना, परंतु बिशप ऑगस्टीन तिच्यापाशी दीर्घ काळ थांबतात. भूक नव्हती, गरज नव्हती, मग आपण चोरी का केली? एकटे असतो तर केली असती का? ते प्रश्नामागून प्रश्न विचारतात. वडिलांच्या मृत्यूचा उल्लेख मात्र ते पुढे एका ओझरत्या वाक्यात करतात. जगाच्या हिशेबात वडिलांचा मृत्यू मोठा आणि फळांची चोरी क्षुल्लक. विवेकबुद्धीचा हिशेब निराळा असतो. वाईट गोष्ट केवळ ती वाईट आहे म्हणून आवडली, हा स्वतःविषयीचा शोध त्यांना त्या झाडाखाली लागला. सोळा वर्षांच्या मुलाला तो लागला नव्हता; सुमारे सत्तावीस वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या बिशपांना लागला.

मित्र, आई आणि समुद्रकिनारा

गावातील धनिक रोमानियानस याच्या साहाय्याने ऑगस्टीन उच्च शिक्षणासाठी कार्थेजला गेला. तेथे एका स्त्रीशी त्याचे संबंध जुळले आणि त्यांना आदेओदातुस हा मुलगा झाला. त्याच्या नावाचा अर्थ देवाने दिलेला. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा 'होर्टेन्सियस' हा ग्रंथ वाचून त्याला ज्ञानाची ओढ लागली. पण त्या ओढीने तो मानीच्या पंथात जाऊन पडला.

थागास्ते येथे शिक्षक असताना त्याचा एक जिवलग मित्र तापाने दगावला. आजारपणात, बेशुद्धावस्थेत, त्या मित्राला स्नानसंस्कार देण्यात आला होता. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीनने त्याची थट्टा केली, तेव्हा मित्राने त्याला कडक शब्दांत थांबविले. काही दिवसांनी ऑगस्टीन जवळ नसताना मित्र गेला. त्यानंतर गावातील प्रत्येक जागा त्याला खावयास उठू लागली आणि तो पुन्हा कार्थेजला निघून गेला. हा प्रसंग सांगताना ऑगस्टीन यांनी मित्राचे नाव कोठेही दिलेले नाही. झालेल्या थट्टेची आठवण मात्र त्यांनी गाळली नाही.

इ. स. ३८३ मध्ये त्याने रोमला जावयाचे ठरविले. मोनिका त्याला सोडावयास तयार नव्हती. एका मित्राला निरोप द्यावयाचा आहे, अशी थाप मारून त्याने आईला किनाऱ्याजवळील संत सिप्रियन यांच्या प्रार्थनास्थळी रात्र काढावयास लावली आणि रात्रीच्या रात्री जहाज गाठले. सकाळी रित्या किनाऱ्यावर आई आक्रोश करीत राहिली. ज्या कार्थेजमध्ये डायडोला मागे टाकून इनिअस निघून गेला, त्याच कार्थेजहून ऑगस्टीन आईला फसवून निघाला. बालपणी ज्या कथेवर तो रडला होता, तीच कथा आता त्याच्या हातून घडत होती. त्या रात्री जहाजावरील तरुणाला हे सुचले असेल असे वाटत नाही. मोनिकेची त्या दिवसाची प्रार्थना मान्य न करता देवाने तिची जन्माची प्रार्थना मान्य केली, हा अर्थही बिशपांना मागाहूनच उमगला.

मिलानची बाग

रोमहून ३८४ साली तो मिलान येथे वक्तृत्वकलेचा अध्यापक म्हणून गेला. तेथे बिशप संत अँब्रोज यांची प्रवचने त्याच्या कानी पडली. सुरुवातीला तो केवळ त्यांची भाषा ऐकावयास जाई. हळूहळू आशयही मनात उतरू लागला. मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला आली होती.

याच काळात प्रतिष्ठित घरात त्याचा विवाह ठरविण्यात आला आणि त्यासाठी मुलाच्या आईला आफ्रिकेत परत पाठविण्यात आले. जाताना तिने पुन्हा कुणा पुरुषाशी संबंध न ठेवण्याचे व्रत घेतले. मुलगा वडिलांपाशी राहिला. ऑगस्टीन लिहितात की, त्यांचे काळीज फाटले आणि जखम वाहत राहिली. तिच्या मानाने आपण दुबळे ठरलो, हेही ते कबूल करतात. तरीही या स्त्रीचे नाव त्यांनी लिहिले नाही. ते तिच्या सन्मानासाठी गाळले की त्या काळातील समाजाने तिला नाव देण्याजोगे मानले नाही म्हणून, यावर आजही वाद आहे. आम्हांला ही उणीव बोचते आणि ती झाकावी असे वाटत नाही. संतांच्या आठवणींतही काही माणसे सावलीत राहून जातात.

ऑगस्ट ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत तो निर्णायक प्रसंग घडला. अंतःकरणातील द्वंद्वाने व्याकूळ होऊन ऑगस्टीन अंजिराच्या झाडाखाली रडत असता शेजारच्या घरातून लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज आला. ग्रंथ उचलून वाच, असे तो सुचवीत होता. संत पौलाचे रोमकरांस पत्र उघडताच जी ओळ दिसली, तिने त्याचा संशय मिटविला. त्याने आत जाऊन आईला हे सांगितले, आणि येथे ग्रंथात एक जुनी आठवण परत येते. फार वर्षांपूर्वी मोनिकेला स्वप्न पडले होते : ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे आणि तिचा मुलगाही त्याच पट्टीवर तिच्याशेजारी उभा आहे. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सांगितलेले हे स्वप्न आठव्या भागाच्या अखेरीस पूर्ण होते. मधल्या साऱ्या वर्षांत आई ते विसरली नव्हती.

ओस्तिया

३८७ सालच्या पास्काच्या जागरण-रात्री संत अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीन, पुत्र आदेओदातुस आणि मित्र अलिपियस यांचा स्नानसंस्कार झाला. मग सर्वजण आफ्रिकेस परतण्यासाठी रोमजवळील ओस्तिया बंदरी आले. तेथे मोनिका आजारी पडली आणि छप्पन्नाव्या वर्षी निवर्तली.

मृत्यूचा उल्लेख येताच ऑगस्टीन कथा थांबवितात आणि आपल्याला एकदम तिच्या बालपणात नेतात. घरातील एका वृद्ध दासीने मोनिका व तिच्या बहिणींना कडक शिस्त लावली होती. तरी पिंपातून द्राक्षारस आणावयास पाठविले की, छोटी मोनिका गुपचूप घोटभर पिऊ लागली. घोटाचे पेले झाले. एके दिवशी भांडणात दासीने तिला दारुडी म्हणून हिणविले आणि त्या दिवसापासून मोनिकेने ती सवय टाकली. पुढे तापट पती, कान भरणाऱ्या दासींमुळे रुसलेली सासू, आणि दोघांनाही तिने सौम्यपणे कसे जिंकले, हे सारे येथेच येते. लग्नाआधीची, संसारातली मोनिका ग्रंथात आपल्याला प्रथमच भेटते, आणि तीही तिच्या मरणाच्या दाराशी.

आम्ही अनेक अंत्यविधींना उपस्थित राहिलो आहोत आणि हेच पाहत आलो आहोत. मृतदेह घरात असतो आणि ओसरीवर बसलेली माणसे तिच्या लहानपणाच्या, लग्नाच्या, भांडणाच्या गोष्टी काढतात. मध्येच कुणी हसतेदेखील. मृत्यू समोर उभा राहिला म्हणजे स्मृती आपोआप मागे धावते. ऑगस्टीन यांची ही रचना कुणाही दुःखी घरातल्यासारखीच आहे.

मोनिकेने देहाच्या दफनाची चिंता केली नाही. एकच मागणे केले : मुलांनी जेथे असतील तेथे प्रभूच्या वेदीपाशी तिची आठवण करावी. ऑगस्टीन यांनी दफनाच्या वेळी अश्रू रोखून धरले; पुढे एकांतात, अँब्रोज यांचे एक गीत आठवून मन हलके झाल्यावर, ते मोकळेपणी रडले. आणि या भागाच्या शेवटी ते वाचकांना विनंती करतात की, त्यांनी वेदीपाशी आपल्या आईवडिलांची आठवण ठेवावी. मोनिकेचे नाव संपूर्ण ग्रंथात फक्त याच ठिकाणी येते. आईची शेवटची इच्छा मुलाने अशा रीतीने पूर्ण केली की, आज सोळाशे वर्षांनंतरही तो ग्रंथ वाचणारा प्रत्येकजण तिची आठवण करतो.

स्मृतीची दालने

जीवनकथा येथे संपते, ग्रंथ मात्र संपत नाही. दहाव्या भागात ऑगस्टीन वेगळाच प्रश्न घेतात : ज्या स्मृतीच्या बळावर आपण हे सारे सांगितले, ती स्मृती म्हणजे काय? त्यांना ती प्रशस्त मैदानासारखी आणि विशाल वाड्याच्या दालनांसारखी दिसते. तेथे आकाश, पृथ्वी, समुद्र साठवलेले आहेत. काही आठवणी हाक मारताच पुढे येतात, काही शोधाव्या लागतात, काही न बोलाविता घोळक्याने येऊन वाट अडवितात. अंधारात बसूनही मनुष्य रंग आठवू शकतो. गेलेले दुःख तो आनंदाने आठवू शकतो आणि गेलेला आनंद दुःखाने. शुभवर्तमानातील हरवलेल्या नाण्याचा दाखला घेऊन ते विचारतात की, त्या स्त्रीला नाण्याची आठवणच नसती, तर सापडल्यावर तिने ते ओळखले कसे असते? देवाचा शोध घेणाऱ्या माणसाच्या मनात त्याची काही खूण आधीपासूनच असली पाहिजे, या विचाराकडे ते अशा रीतीने येतात.

अकराव्या भागात ते काळाचा विचार करतात. पाठ असलेले स्तोत्र म्हणताना उरलेल्या ओळींची अपेक्षा कमी होत जाते आणि म्हटलेल्या ओळींची स्मृती वाढत जाते. माणसाचे सारे आयुष्यही असेच आहे, असे ते सांगतात. स्तोत्राची एकेक ओळ सुटी अपुरी असते. पूर्ण झाल्यावरच तिचे स्थान कळते. नाशपातीचे झाड, बोटीवरची रात्र, आईचे स्वप्न यांचे अर्थ त्या त्या दिवशी का कळले नाहीत, याचे उत्तर येथे मिळते.

शेवटची वर्षे

३८८ साली ऑगस्टीन आफ्रिकेत परतले. काही काळातच त्यांचा बुद्धिमान पुत्र आदेओदातुस कोवळ्या वयात निवर्तला. ३९१ साली हिप्पो येथील लोकांनी आग्रहाने त्यांना धर्मगुरू होण्यास भाग पाडले आणि पुढे चार-पाच वर्षांत ते बिशप झाले. प्रवचने, पत्रे, वादविवाद, 'देवाचे नगर' हा महाग्रंथ अशा अखंड कामात पुढील वर्षे गेली. सत्तरी ओलांडल्यावर, ४२६-४२७ मध्ये, त्यांनी आणखी एक सिंहावलोकन केले. आपले ग्रंथ क्रमाने पुन्हा वाचून कोठे चुकलो ते नोंदविले. जवळजवळ साऱ्या आयुष्याच्या लिखाणावर स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणारे लेखक इतिहासात थोडे आढळतात.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. नगरात उपासमार व भीती असताना ऑगस्टीन तापाने अंथरुणास खिळले. त्यांचे शिष्य व चरित्रकार पोसिडियस लिहितात की, त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून भिंतीवर लावून घेतली आणि अखेरचे काही दिवस, कुणाला फारसे आत न येऊ देता, ती वाचत अश्रू ढाळीत राहिले. २८ ऑगस्ट ४३० रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या ग्रंथाने अनेकांना स्वतःची कथा सांगावयास शिकविले. आविलाची संत तेरेजा हिला तो वाचताना त्यात स्वतःचीच ओळख पटली. अठराव्या शतकात रूसो याने आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले. त्यांच्या नियमानुसार जगणाऱ्या ऑगस्टिनियन धर्मसंघाचे संन्यासी १५७२ साली गोव्यात आले. जुने गोवे येथे त्यांच्या चर्चचा उरलेला मनोरा आजही उभा आहे. याच संघातील पोप लिओ चौदावे यांची २०२५ साली निवड झाली.

आपल्यापैकी फार थोडे लोक आत्मकथा लिहितील. परंतु रात्री झोपण्यापूर्वी आपण विवेकपरीक्षण करतो, पापनिवेदनासाठी गुडघे टेकतो, मिस्सेत आपल्या मृतांची नावे वाचावयास देतो, तेव्हा आपणही मागे वळून पाहत असतो. घडून गेलेले बदलता येत नाही. ते कुणासमोर आठवायचे, हे मात्र आपल्या हाती आहे. एकट्याने आठवले तर भूतकाळाचा कधी अभिमान होतो, तर कधी ओझे. देवासमोर आठवले तर चोरलेल्या फळांनाही अर्थ येतो. घरातील वडीलधारी मंडळी जुन्या गोष्टी सांगू लागली, तर त्यांना सांगू द्यावे. आणि यंदाच्या २७ ऑगस्टला वेदीपाशी मोनिकेसोबत आपल्या आईचेही नाव घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.